उलटा घेवडा

बियाण्यांच्या त्या दुकानातली सगळी पाकिटं एकोणीस वर्षं एकाच हाताने रंगवलेली होती. टोमॅटो, काकडी, मुळा, गाजर, घेवडा, झेंडू, सूर्यफूल, अशी एकूण एकशे चाळीस पाकिटं आणि एकशे चाळीस चित्रं. ती काढणाऱ्या बाईंना दुकानात, गल्लीत, अगदी बँकेतसुद्धा सगळे पाकीटबाई म्हणत. घरी नवरा पाकीटमार म्हणायचा. तो घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मान खाली घालून बसायचं, आणि वर पाहिलं की बायकोची चेष्टा करायची, एवढीच त्याची करमणूक.

पाकीटबाई चित्र काढायच्या म्हणजे आधी ती भाजी लावायच्या. दुकानामागच्या वाफ्यात बी रुजवायचं, रोप हाताएवढं झालं की समोर स्टूल टाकून बसायचं. पानाची मागची बाजू कशी आहे, देठावर लव किती, फूल वाळतं ते आधी कुठून, हे सगळं डोळ्यांत भरून घेतलं की मग ब्रशला पाणी लावायचं. दुकानाचे मालक बोलायला मोजके, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला एक गोष्ट हटकून सांगायचे, की गिऱ्हाईक माझं बी नेतं की बाईंचं चित्र, हे मला अजून कळलेलं नाही.

मालकांना एकच मुलगी. तिला सगळे बेबी म्हणत, ती सत्तावीस वर्षांची झाली तरी बेबीच. तिचं लग्न झालं, आणि वर्षभरात मालकांचे गुडघे गेले. जिना चढवेना, उभं राहवेना. मग गल्ला, गोदाम आणि कारभार हळूहळू जावयाकडे गेला. त्याला दुकानातले लोक जावईबापू म्हणायचे, आधी चेष्टेने आणि नंतर सवयीने. माणूस टापटिपीचा, बोलणं लोण्यासारखं, आणि कुठल्याही कामाला हात लावण्याआधी ते आपल्याला येतं असं सांगून मोकळा होणारा.

जावईबापूंनी दुकानाची वेबसाइट काढायचं ठरवलं. पाकीटबाईंच्या मूळ चित्रांची पेटी स्कॅन करायला म्हणून ते घेऊन गेले. तीन आठवड्यांनी पेटी परत आली तेव्हा गाजराच्या चित्रावर कपाच्या बुडाचा गोल डाग होता. बाईंनी त्याबद्दल विचारलं, तर जावईबापू म्हणाले की वेबसाइटवर तो दिसत नाही, काढून टाकलाय. कागदावरचं गाजर आता कोण बघणार?

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी बाईंना पॅकिंगच्या खोलीत बोलावलं. तिथे आठ बायका टेबलाभोवती बसून पाकिटांत बी भरत होत्या. केबिन रिकामी असताना तिथे का बोलावलं, हे बाईंना आत पाऊल टाकल्यावर कळलं.

"बाई, तुमचा हात सुंदर आहे, त्यात वादच नाही," जावईबापू म्हणाले. "पण हातकामाचे दिवस गेले. आता हे सगळं मी कॉम्प्युटरवर करतो." मग बायकांकडे वळून, हसत, "बाईंच्या हातात माऊस दिला तर बाई स्टुलावर चढतील."

बायका हसल्या. पगार देणारा हसला की हसावं लागतं, हे पाकीटबाईंना ठाऊक होतं. तरी कोण किती हसलं, ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं.

त्या घरी आल्या, ब्रश धुतले, एकेक पुसून फडक्यात गुंडाळले आणि दोरा बांधला. नवरा भिंगाआडून हे पाहत होता. बायको रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती रडत नाही म्हणजे काय, ते त्याला बावीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. त्याच्या बहिणीने एकदा हिच्या हातच्या स्वेटरला नावं ठेवली होती, तर पुढची चौदा वर्षं नणंदेच्या प्रत्येक वाढदिवसाला हिने एक स्वेटर विणून पाठवला. प्रत्येक स्वेटर आधीच्यापेक्षा सुंदर, आणि प्रत्येक एका मापाने लहान.

"मी कॉम्प्युटरवर चित्रं करायला शिकणार आहे," बाई म्हणाल्या.

"कशासाठी?"

"त्याच्यासाठी."

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक क्लास होता. सहा कॉम्प्युटर, एक पंखा आणि एक मास्तर. मास्तर पूर्वी वर्तमानपत्रात फोटो विभागात होते. लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग घालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे कुणाकडेही ते आधी डाग शोधणाऱ्या नजरेने पाहत. त्यांनी बाईंना विचारलं, की नक्की काय शिकायचंय. बाई म्हणाल्या, वेबसाइटवरची चित्रं. मास्तरांनी विचारलं, कुठल्या सॉफ्टवेअरवर? बाई म्हणाल्या, एक माणूस आहे, तो जे वापरतो त्यावर.

"तो काय वापरतो?"

"फोटोशॉप म्हणत होता."

"तुम्हाला त्याच्यासारखं व्हायचंय?"

"नाही. त्याची जिरवायचीय."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. असा विद्यार्थी त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. बाकीचे नोकरी मिळावी म्हणून यायचे, नाहीतर आईने पाठवलं म्हणून. ते म्हणाले की जिरवायची असेल तर आधी शांत डोक्याने हत्यार निवडावं लागेल, दुसऱ्याच्या हातातलं बघून भागायचं नाही. मग त्यांनी एक परीक्षा ठेवली. एकच चित्र घ्यायचं, आणि तीन सॉफ्टवेअरवर तेच काम करून पाहायचं. मागचा कागद काढून टाकायचा, झाडाचा एक केससुद्धा न गमावता. मग ते चित्र पानाच्या वरच्या पट्टीत बसवायचं. आणि शेवटी त्याचं वजन उतरवायचं, म्हणजे फाइल इतकी हलकी करायची की कमी रेंजच्या फोनवरही पान चटकन उघडेल आणि चित्र मात्र धुरकट दिसणार नाही. ज्यात हे तिन्ही जमेल आणि ज्याच्याशी आपला हात जुळेल, ते शिकायचं.

पहिले चार दिवस माऊसशी झटापट करण्यात गेले. बाई स्टुलावर चढल्या नाहीत, पण ब्रशची सवय असलेली बोटं त्या प्लास्टिकच्या गोट्यावर आखडायची. रेघ काढायला जावं तर ती भलतीकडेच पळायची. पाचव्या दिवशी मास्तरांनी कपाटातून एक जुनी पाटी काढून दिली, पेनने लिहायची, तारेने कॉम्प्युटरला जोडायची. बाईंनी पेन हातात धरलं, आणि त्यांच्या खांद्यातला ताण तिथल्या तिथे उतरला.

पहिलं सॉफ्टवेअर इंटरनेटवरच उघडणारं होतं. सगळं तयार, आपण फक्त उचलायचं आणि ठेवायचं. सरावासाठी मास्तर म्हणाले, की कुठल्याही वेबसाइटवरून एक चित्र उतरवून घ्या. बाईंनी दुकानाची वेबसाइट उघडली. ती त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. वरच्या पट्टीत त्यांचा घेवडा होता, खाली त्यांचे टोमॅटो, त्यांची काकडी, त्यांचा झेंडू. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की सर्व चित्रं आणि मांडणी अमुक अमुक यांची. जावईबापूंचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनी टोमॅटोची फांदी उतरवून घेतली. सॉफ्टवेअरने एका टिचकीत मागचा कागद काढला, आणि कागदाबरोबर देठावरची सगळी लवही.

"दाढी केली टोमॅटोची," बाई म्हणाल्या, आणि ते बंद केलं.

दुसरं फोटोशॉप. ते बाईंना मनापासून आवडलं. लव राहिली, कडा स्वच्छ आल्या. सगळं लगेच हाताशी. चित्र मोठं करून पाहायची त्यांना त्यातच गोडी लागली. भिंग लावून बसणाऱ्याची बायको ती. आठशे टक्के मोठं केल्यावर टोमॅटोचं एक पान पडदाभर झालं, तेव्हा आपल्याच रंगाचे थर त्या जमिनीवर वाकून पाहावं तसे पाहत होत्या. पाहता पाहता त्या थांबल्या.

तिसऱ्या पानाच्या बेचक्यात कागदाचा एक खरखरीत ठिपका होता. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. त्याच्या वर तसाच तिसरा. कागदात असं कधी होत नाही.

मास्तरांना हाक मारली. त्यांनी एका नजरेत ओळखलं. वर्तमानपत्रात त्यांनी हेच केलं होतं हजारदा. याला क्लोन म्हणतात, ते म्हणाले. शेजारचा तुकडा उचलायचा आणि नको असलेल्या गोष्टीवर शिक्क्यासारखा मारायचा. घाई केली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा उमटतो आणि चोरी उघडी पडते. इथे काय होतं?

इथे गोगलगाय होती.

पहिल्याच वर्षी बाईंनी मालकांना विचारलं होतं, की चित्रावर सही करू का? मालक म्हणाले होते, पाकिटावर जागा कुठे आहे. मग बाईंनी सहीऐवजी मोहरीएवढी गोगलगाय काढली. मालक हबकले. गोगलगाय म्हणजे रोपांची वैरीण, बियाण्याच्या पाकिटावर ती दिसली तर गिऱ्हाईक पळेल. बाई म्हणाल्या, दिसली तर ना? आणि त्यांनी ती अशी लपवली की मालकांना सापडेना, छापणाऱ्याला सापडेना. कधी पानाच्या शिरेत, कधी फुलाच्या सावलीत, कधी शेंगेच्या सुरकुतीत. एकशे चाळीस चित्रांत एकशे चाळीस गोगलगाई.

त्या दिवशी बाईंनी एकामागून एक सगळी चित्रं उतरवून घेतली आणि प्रत्येक ठिकाणी आठशे टक्क्यांनी जाऊन आल्या. एकही गोगलगाय उरलेली नव्हती. प्रत्येक जागी तेच ठिपके, तीच घाई.

मग त्यांना कळलं, आणि पेन त्यांनी पाटीवर ठेवून दिलं. जावईबापूंना त्या गोगलगाई दहासुद्धा सापडल्या नसत्या. सगळ्या जागा ठाऊक असलेलं या जगात एकच माणूस होतं. दहा वर्षांची असताना बेबी शाळेतून थेट दुकानामागच्या वाफ्यात यायची, बाईंच्या स्टुलाला चिकटून बसायची आणि नवीन चित्र आलं की विचारायची, "चित्रमावशी, आज कुठे लपवलीस?" बाई सांगायच्या नाहीत. ती शोधायची. एकदा पालकाच्या चित्रात तिने चार दिवस शोधलं आणि सापडल्यावर बाईंच्या गळ्यात पडून त्यांच्या कानात जागा सांगितली, मालकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

हे बाईंनी कुणालाही सांगितलं नाही, मास्तरांना नाही आणि नवऱ्यालाही नाही. त्यांनी ते गिळलं, पण पचवलं नाही.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट हाताला लागली. वरच्या पट्टीतला घेवडा आरशात पाहिल्यासारखा उलटा होता. नावाची अक्षरं डावीकडे बसवायची होती, तिथे शेंगा आड येत होत्या, म्हणून जावईबापूंनी अख्खं चित्र फिरवून टाकलं होतं. बाई बराच वेळ त्या वेलाकडे बघत राहिल्या. मग पहिल्यांदाच हसल्या. मास्तर नंतर म्हणायचे, की ते हसणं पाहून मी पंखा बंद केला, मला गारठा वाटला.

फोटोशॉप उघडल्याच्या सहाव्या दिवशी पडद्यावर सूचना आली, की ते सात दिवस फुकट वापरायची मुदत उद्या संपते, पुढे दर महिन्याला पैसे. मास्तर म्हणाले, काम उत्तम आहे, कंपनीत नोकरी करायची असेल तर हेच शिका. पण तिसरंही पाहून घ्या.

तिसरं गिम्प. ते कुणा एका मालकाचं नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं आणि कायमचं फुकट. बटणं ओबडधोबड, नावं विचित्र, सुरुवातीला काहीच जागेवर सापडेना. एका टिचकीत होईल ते इथे दहा टिचक्यांनी. पण पेन चाललं, थरावर थर चढला, नको तो भाग झाकणारा मुखवटा घालून लवेचा एकेक केस ब्रशनेच मोकळा करता आला. बाईंना दहा टिचक्यांचं काही वाटलं नाही. ज्या बाईने चित्रासाठी आधी भाजी लावली, तिला घाई कसली?

"हे शिकते," त्या म्हणाल्या.

"विचार करून?"

"त्याला मुदत नाही ना?"

"नाही."

"मग हेच. सात दिवसांत माझा राग संपायचा नाही."

त्या आठ महिने शिकल्या. रोज सकाळी दहा ते एक, क्लासला एकही सुट्टी नाही. मास्तरांचा स्कॅनर बिघडला तर नवऱ्याने तो घड्याळाच्या अवजारांनी उघडून चालू करून दिला. सगळ्या मूळ चित्रांचे त्यांनी नव्याने स्कॅन केले, स्वच्छ केले, वजन उतरवलं. गाजरावरचा कपाचा डाग मात्र ठेवला. मास्तर म्हणाले, हा काढा, दोन मिनिटांचं काम आहे. बाई म्हणाल्या, असू दे, ती वस्तुस्थिती आहे. मग मास्तरांच्या मदतीने त्यांनी स्वतःच्या चित्रांची वेबसाइट उभी केली. कुठलंही चित्र बोटाने मोठं करत जावं, लव दिसावी, शिरा दिसाव्यात, आणि कडेकपारीत कुठेतरी गोगलगाय.

मास्तर एकदा म्हणाले, की आता तुमच्याकडे पुरावा आहे, कोर्टात जा. बाई म्हणाल्या, कोर्टात त्याचा वकील बोलेल. मला त्याचं तोंड पाहायचंय.

बियाणे विक्रेत्यांचं दरवर्षी एक संमेलन भरायचं. त्या वर्षी त्यात उत्तम वेबसाइटची स्पर्धा होती, सगळ्यांना खुली. स्पर्धकाने मंचावर यायचं, मोठ्या पडद्यावर आपली वेबसाइट दाखवायची आणि पाच मिनिटं बोलायचं. क्रम अर्ज येतील तसा. बाई संमेलनाच्या कचेरीत गेल्या आणि तिथल्या कारकुनाशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसल्या. बाकावर बसून राहिल्या तीन दिवस, रोज. चौथ्या दिवशी जावईबापूंचा अर्ज आला. तो आणणारा माणूस बाहेर पडल्यावर बाई बाकावरून उठल्या आणि पुढचा अर्ज आपला दिला.

संमेलनाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. सगळे बियाण्यांतले लोक, हातांना मातीचा आणि औषधांचा वास असलेले. पुढच्या रांगेत मालक काठीवर हात ठेवून बसले होते, शेजारी बेबी. परीक्षक म्हणून वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका आलेल्या, लहानखुऱ्या, दुर्मुखलेल्या. आतापर्यंतच्या सहा वेबसाइट्सनी त्यांना पेंग आणली होती.

जावईबापू छान बोलले. पडद्यावर उलटा घेवडा भिंतीएवढा दिसत होता. ते म्हणाले की या प्रत्येक चित्रामागे माझी तीन वर्षांची मेहनत आहे, निसर्गाचं बारकाईने निरीक्षण केल्याशिवाय असं काम होत नाही. टाळ्या पडल्या. मालकांनी टाळी वाजवली नाही, पण गुडघ्यांमुळे काठी सोडता येत नसेल, असं लोकांना वाटलं.

मग पाकीटबाई मंचावर गेल्या. जावईबापू पायऱ्या उतरत होते. त्यांनी बाईंना पाहिलं आणि तिथेच, दुसऱ्या पायरीवर, त्यांचा पाय अडखळला.

पडद्यावर घेवडा आला. तोच, पण सुलटा. सभागृहात कुजबुज झाली. बाईंनी एकेक चित्र दाखवलं. टोमॅटो, काकडी, झेंडू, कपाचा डाग पडलेलं गाजर. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की ही चित्रं मी काढली आहेत, प्रत्येकात एक गोगलगाय लपलेली आहे, ज्यांना हौस असेल त्यांनी शोधावी. मग त्यांनी टोमॅटोच्या पानात शिरून ती दाखवली. भिंतीवर एक बैलाएवढी गोगलगाय शिंगं काढून उभी राहिली.

प्राध्यापिका जाग्या झाल्या. त्यांनी विचारलं, की मघाशी हीच चित्रं दुसऱ्या नावाने पाहिली, हे काय प्रकरण आहे?

"ते मला कसं ठाऊक असणार?" बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्यांनी निसर्गाचं निरीक्षण केलंय ते इथेच आहेत. त्यांना एवढंच विचारा, की घेवड्याचा वेल काठीवर कोणत्या बाजूने चढतो."

सभागृहातल्या चारशे माणसांना उत्तर माहीत होतं. समोरून पाहिलं तर घेवडा डावीकडून उजवीकडे वळत वर जातो, कुठेही लावा, कुणीही लावा, दुसरीकडे वळवून बांधला तरी सोडवून घेतो आणि आपल्याच बाजूने जातो. प्राध्यापिका जावईबापूंकडे वळल्या आणि त्यांनी प्रश्न जसाच्या तसा विचारला.

जावईबापूंनी पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. कुणीतरी माईक त्यांच्यापुढे धरला.

"दोन्ही बाजूंनी," ते म्हणाले. "जातीवर असतं ते."

आधी मागच्या रांगेतला कुणीतरी फिसकन हसला. मग ते हसू रांगेरांगेने पुढे येत गेलं, आणि अख्खं सभागृह खदखदू लागलं. पाकीटबाई मंचावर उभ्या राहून ते ऐकत होत्या. आठ बायकांचं हसू त्यांनी आठ महिने जपून ठेवलं होतं. त्याच्या बदल्यात हे चारशे माणसांचं होतं. त्यांनी ते घाई न करता ऐकलं. जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या आणि नंतर पांढऱ्या, हेही त्यांनी पाहिलं. रंगाच्या माणसाला असलं दिसतं.

हसू ओसरल्यावर प्राध्यापिकांनी मालकांना विचारलं, की दुकान तुमचं, तुम्हीच सांगा, चित्रं कुणाची? मालक काठीवर जोर देऊन उठले. उठायला त्यांना बराच वेळ लागला.

"बाईंची," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं, बाईंचीच."

ते बसले. बेबीने त्यांना आधार द्यायला हात पुढे केला नव्हता. ती मांडीवरच्या आपल्या बोटांकडे बघत होती.

पुढचं सगळं भराभर झालं. दुकानाची वेबसाइट त्याच संध्याकाळी बंद झाली. जावईबापूंचं नाव उलटा घेवडा पडलं. ते वर्षभरापुरतं नव्हतं, कायमचंच चिकटलं. घाऊक व्यापारी फोनवर विचारायचे, उलटा घेवडा आहे का दुकानात, नाहीतर मालकांना द्या. शेवटी त्यांनी गल्ल्यावर बसणं सोडलं आणि गोदामात पोती मोजायचं काम घेतलं. मालकांनी माणूस पाठवून बाईंना परत बोलावलं. बाईंनी निरोप दिला, की तुमच्यावर राग नाही, पण येणार नाही. तोवर त्यांना दोन रोपवाटिकांची आणि एका फुलवाल्याची वेबसाइटची कामं आली होती.

पंधरा दिवसांनी दुपारी बेबी घरी आली. दार उघडंच होतं. नवरा खिडकीपाशी एका भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसला होता, बाई पडद्यासमोर होत्या. बेबी उभीच राहिली. बाईंनी बस म्हटलं नाही.

"मावशी, तुला कळलं होतं ना?" ती म्हणाली.

"पहिल्याच दिवशी."

बेबीने मग सगळं सांगितलं. नवरा म्हणाला होता की साइटवर किडे दिसले तर लोक बी घेणार नाहीत, तुला जागा माहीत आहेत, तूच काढ. तिला ते पटलं होतं. दहा-बारा काढल्या, आणि मग तिला तळाशी त्याचं नाव घातलेलं दिसलं. तेव्हा तिला कळलं हे कशासाठी चाललंय. तरी तिने उरलेल्या काढल्या. पालकातलीसुद्धा. ती रडत नव्हती. रडून रडून आलेली असावी.

"मंचावर माझं नाव का घेतलं नाहीस? मी वाट बघत होते. प्रत्येक चित्राला वाटायचं, आता घेशील."

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"घेतलं असतं तर तुझे वडील चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी त्यांनी तुला पोटाशी धरलं असतं. मग तू सुटली असतीस." त्यांचा आवाज चढला नाही. "त्याचं हसू झालं, त्याचं संपलं. तुझं मी कुणाला सांगणार नाही. आता तू जन्मभर त्यांच्याशेजारी बसायचं, आणि त्यांनी तुला चांगली म्हणायचं."

 खिडकीपाशी चिमट्याचा आवाज थांबला होता. बेबीने चप्पल घातली आणि ती गेली. जिन्यावर तिची पावलं खूप सावकाश उतरत गेली.

नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलं.

"लहान होती गं ती," तो म्हणाला.

"होती," बाई म्हणाल्या.

त्यांनी खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली. फुलवाल्याच्या वेबसाइटसाठी शेवंतीचा एक गुच्छ मोकळा करायचा होता. पाकळ्या दाटीवाटीच्या, आणि उद्या सकाळी द्यायचा होता. बाईंनी पेन उचललं, चित्र मोठं केलं आणि बाहेरच्या पाकळीपासून सुरुवात केली. पहिली रेघ हलली. त्यांनी ती पुसली आणि पुन्हा काढली.